गाडीच्या खिडकीतून पक्षी, शेत आणि रस्ता : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही वाचकांना प्रवासात टिपलेली छायाचित्रे पाठवण्याचे आवाहन केले होते. छायाचित्रांबरोबर प्रश्नही आले आणि त्यांतील बरेचसे विदर्भातील वाचकांचे, चारचाकीतून किंवा एसटीतून पक्षी व रस्त्याकडेची दृश्ये टिपण्याविषयीचे होते. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रे थोडी आटोपती केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी शिक्षक आहे. रोज सकाळी शाळेत जाताना तारांवर नीळकंठ, वेडा राघू, कोतवाल बसलेले दिसतात. शेजारून ट्रक भरधाव गेला तरी ते हलत नाहीत. पण मी फोटोसाठी कार थांबवली की लगेच उडून जातात. माझ्याकडे ३०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स आहे. आता मोठी लेन्स घ्यावी का?
(एक वाचक, सिंदेवाही तालुका)

उत्तर : मोठी लेन्स घेण्यास हरकत नाही, परंतु आपल्या अडचणीचे मूळ लेन्समध्ये नसून गाडी थांबवण्याच्या पद्धतीत आहे. रस्त्याकडेला राहणाऱ्या पक्ष्यांना गाड्यांची सवय झालेली असते. एका वेगाने येऊन तशीच निघून जाणारी गाडी त्यांना धोक्याची वाटत नाही. मात्र तीच गाडी अचानक मंदावली, त्यांच्या बरोबर समोर थांबली, काच सरसर खाली गेली आणि आत माणसाचे हात हलू लागले, की त्यांना त्यात शिकाऱ्याची चाहूल लागते. ट्रक आणि आपली कार यांत त्यांना दिसणारा फरक तो एवढाच.

म्हणून पक्षी दिसताक्षणी ब्रेक लावू नये. त्याच वेगाने पुढे जावे, मागचा-पुढचा रस्ता नीट दिसेल अशा जागी गाडी वळवावी आणि परत येताना बऱ्याच आधीपासून वेग कमी करत आणावा. काच त्यापूर्वीच पूर्ण खाली केलेली असावी आणि कॅमेराही सुरू करून तयार ठेवलेला असावा. पक्ष्यापासून तीस-चाळीस मीटरवर एकदा थांबावे आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला आहे का, म्हणजे पिसे साफ करतो आहे का, खाली गवतात किडा शोधतो आहे का, हे पाहावे. तसे दिसले तर पहिल्या गिअरमध्ये आणखी थोडे पुढे सरकावे. त्याने मान ताठ केली, अंग आवळून घेतले किंवा शीट टाकली, तर तो उडण्याच्या बेतात आहे असे समजावे आणि आहे तेथेच थांबावे. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करणे आवश्यक आहे, कारण इंजिनाची थरथर दारामार्फत लेन्सपर्यंत पोहोचते. इंजिन आधीच बंद करून गाडी घरंगळत नेण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया मानू नये. इंजिन बंद होताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पाय दाबताच संपते.

जवळ जाण्याने किती फरक पडतो याचा साधा हिशेब मांडतो. आपली ३०० मिलिमीटरची लेन्स सर्वसाधारण एपीएस-सी (म्हणजे बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत असतो त्या आकाराच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर असेल, तर २० मीटरवरची साळुंकी चौकटीच्या रुंदीच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी दिसते. १० मीटरवर तीच साळुंकी जवळजवळ एक-तृतीयांश चौकट व्यापते. एवढाच परिणाम २० मीटरवरून साधायचा, तर ६०० मिलिमीटरची लेन्स लागेल आणि तिची किंमत अनेकदा कॅमेऱ्यापेक्षाही जास्त असते. शांतपणे कापलेले दहा मीटर आपल्याला ती सगळी रक्कम वाचवून देतात.

इतके करूनही पक्षी उडालाच, तर लगेच निघून जाऊ नये. आपण ज्यांची नावे लिहिली आहेत ते तिन्ही पक्षी एका जागी बसून टेहळणी करणारे आहेत. नीळकंठ तारेवरून जमिनीवर झेपावतो आणि बहुधा त्याच तारेवर किंवा शेजारच्या खांबावर परत येतो. वेडा राघू मधमाशी पकडून आपल्या जागेवर येतो आणि गिळण्यापूर्वी तिला फांदीवर आपटत राहतो, नांगी निकामी होईपर्यंत. त्याचे खरे छायाचित्र या क्षणी मिळते, नुसते बसलेल्या अवस्थेत नव्हे. तेव्हा त्याची आवडती जागा ओळखून फोकस तेथे लावून ठेवावा आणि वाट पाहावी. आपला रस्ता रोजचाच आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. कोणत्या खांबावर कापशी घार असते आणि कोणत्या बाभळीवर खाटीक पक्षी, हे आपल्याला पाठ होईल. मला विचाराल तर रोजच्या पाच किलोमीटरच्या रस्त्यावर जी छायाचित्रे मिळतात, ती दूरच्या सहलीत सहसा मिळत नाहीत.

प्रकाशाचाही विचार निघतानाच करावा. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो. सकाळी उत्तरेकडे जाताना डावी खिडकी पश्चिमेला येते. म्हणजे डाव्या खिडकीशी बसलेल्या सोबत्याच्या पाठीशी सूर्य राहतो आणि पक्षी उजळलेला दिसतो. आपण एकटेच असाल, तर सकाळी दक्षिणेकडे जाणारा रस्ता बरा, कारण तेव्हा चालकाची खिडकी पश्चिमेकडे असते. संध्याकाळी हेच उलट करावे. मात्र चालकाच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचे टिपताना मधून वाहने जातात, त्यामुळे वर्दळीच्या रस्त्यावर हा मार्ग पत्करू नये. गाडी बंद करून डावीकडच्या आसनावर सरकावे. लेन्स खिडकीबाहेर काढून ठेवण्याची सवय तर मोडूनच टाकावी. आणि चाके फिरत असताना चालकाने कॅमेऱ्याला किंवा मोबाइलला हात लावायचा नाही, हे शिक्षकांना मी वेगळे सांगायला नको.

लेन्सला टेकू म्हणून दाराच्या कडेवर ठेवायची एक पिशवी घरीच शिवून घ्यावी. जुन्या जीन्सचा एक पाय त्यासाठी उत्तम. त्यात तूर, सोयाबीन किंवा ज्वारी दोन-तृतीयांश भरावी. गच्च भरल्यास पिशवी लेन्सचा आकार घेत नाही. पावसाळ्यात धान्य दमट होऊन त्यात सोंडे होतात, तेव्हा ते बदलत राहावे. असा टेकू असेल, तर बसलेल्या पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद पुरते. कापशी घार शेतावर एका जागी पंख मारत तरंगते किंवा नीळकंठ झेप घेतो, तेव्हा शटर १/२००० सेकंदाहून मंद ठेवू नये आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी कचरू नये.

तारेवरचा पक्षी मागच्या पांढऱ्या आकाशामुळे काळपट येतो. एक ते दीड स्टॉप एक्सपोजर वाढवले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट), तर पोटाखालचे रंग दिसू लागतात. धानाच्या हिरव्या बांधीतला गायबगळा मात्र याच्या उलट, अर्धा ते एक स्टॉप कमी करून घ्यावा, नाहीतर त्याची पिसे नुसता पांढरा ठिपका होऊन बसतात. याच कारणासाठी तारेपेक्षा खालच्या बैठका शोधाव्यात, असे मी सुचवीन. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रचलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगावर हिवाळ्यात गप्पीदास हमखास बसतो, तुरीच्या शेंड्यांवर वेडे राघू बसतात आणि फाल्गुनात रस्त्याकडेचे पळस फुलले की त्यांच्यावर मैना, कोतवाल आणि शिंजीर मधासाठी गर्दी करतात. यातील बरेचसे कारच्या खिडकीच्या उंचीवर असते आणि मागे आकाशाऐवजी शेताचा रंग मिळतो.

गाडी उभी करण्याच्या जागेविषयी एक सूचना. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात डांबराच्या कडेखाली चाक उतरवू नये. वरून कोरडी दिसणारी माती आत लोण्यासारखी असते आणि गाडी फसली की ट्रॅक्टर शोधावा लागतो. वळण, पूल आणि चढाचा माथा येथे थांबायचे नाही. समृद्धी महामार्गावर तर छायाचित्रासाठी थांबण्याचा विचारही करू नये. तेथे मागून येणाऱ्या वाहनाचा वेग इतका असतो की कडेला उभी असलेली गाडी त्याच्या चालकाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न : माझ्याकडे चांगली, महागडी लेन्स आहे. हिवाळ्यात तिचे निकाल अप्रतिम येतात, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गाडीतून काढलेली दूरच्या पक्ष्यांची छायाचित्रे पाण्यातून पाहिल्यासारखी येतात. गाडीत एसी चालू असतो, काच फक्त फोटोपुरती खाली करतो. लेन्स बिघडली असेल का?
(एक वाचक, अकोला)

उत्तर : लेन्स बहुधा ठणठणीत आहे, बिघाड तिच्या आणि पक्ष्याच्या मधल्या हवेत आहे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा तापलेल्या जमिनीलगतची हवा सतत वर उठत असते. गरम आणि तुलनेने थंड हवेतून प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वाकतो, त्यामुळे दूरच्या वस्तूच्या कडा थरथरतात. डांबरी रस्त्यावर आणि नांगरलेल्या काळ्या वावरावर हा प्रकार सर्वाधिक असतो आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका तो अधिक उघडा पडतो. म्हणजे महागड्या लेन्सने तो कमी होत नाही, उलट स्पष्ट दिसू लागतो.

आपल्या बाबतीत यात एसीची भर पडते. काच खाली होताच आतली गार हवा आणि बाहेरची तप्त हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशी मिसळते, आणि लेन्सला सर्वांत जवळची हीच हवा खळबळत राहते. थांबण्याच्या काही मिनिटे आधी एसी बंद करून सर्व काचा उघडाव्यात. गरम झालेल्या बॉनेटवरून नेम धरू नये, बाजूच्या खिडकीतून धरावा. पावसाळ्यात एसीतून एकदम दमट हवेत काढलेल्या लेन्सवर वाफ धरते. तेव्हा तिला बॅगेतच राहू द्यावे आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावरच काढावे.

दोष हवेचा की लेन्सचा, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. स्थिर बसलेल्या पक्ष्याची एका दमात दहा छायाचित्रे घ्यावीत. ती सर्व सारखीच धूसर असतील तर फोकसची चूक आहे. प्रत्येकात धूसरपणाची जागा आणि आकार बदलत असेल, एखादे मधूनच बरे आले असेल, तर ती हवा आहे. हवेवर उपाय दोनच : अंतर कमी करणे आणि वेळ बदलणे. उन्हाळ्यात सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा तासभर सोडला, तर दूरच्या पक्ष्याचा नाद करू नये.

मात्र दुपार अगदीच वाया जाते असे नाही. रस्त्यावर डोलणारे मृगजळ, त्यात पाय बुडाल्यासारखी दिसणारी बैलबंडी किंवा शेळ्यांचा कळप, हा आपल्या उन्हाळ्याचा खरा चेहरा आहे आणि तो टिपण्यासाठी हीच थरथर उपयोगी पडते. एक विनंती मात्र मनापासून करतो. मे महिन्यात ओढ्यात किंवा बोडीत (लहान तळ्यात) उरलेल्या एखाद्या डबक्यावर पक्षी पाणी प्यायला येतात. तेथे गाडी अगदी काठाशी नेऊन उभी करू नये. आपण तासभर थांबलो तर तो तासभर त्यांना तहानलेले राहावे लागते. वारा कोणत्या बाजूचा, सूर्य कोठे, हे पाहून लांबच थांबावे आणि मोठ्या लेन्सचा उपयोग येथे करावा.

प्रश्न : मी दिग्रसहून यवतमाळला कॉलेजसाठी एसटीने जाते-येते. खिडकीतून खूप सुंदर दृश्ये दिसतात, पण मोबाइलवर सगळे पुसट येते आणि विजेचे खांब तिरके दिसतात. असे का होते?
(एक विद्यार्थिनी, दिग्रस)

उत्तर : खांब तिरके दिसतात, कारण मोबाइलचा सेन्सर संपूर्ण चित्र एकाच क्षणी वाचत नाही, तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने वाचत जातो. तेवढ्या अल्पकाळात बस पुढे सरकलेली असते, म्हणून खांबाचा वरचा भाग एका ठिकाणी आणि खालचा दुसऱ्या ठिकाणी नोंदला जातो. दूरच्या टेकडीत हा दोष दिसत नाही, जवळच्या खांबात दिसतो.

पुसटपणाचेही कारण अंतर आणि वेग हेच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी बस एका सेकंदात साधारण साडेसोळा मीटर जाते. शटर १/६० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात ती पाव मीटरहून अधिक पुढे जाते. १/१००० सेकंदात दोन सेंटिमीटरही नाही. आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (शटर स्वतः ठरवू देणारी सोय) असेल, तर शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवावे. नसेल, तर भरपूर उजेडात मोबाइल स्वतःच जलद शटर निवडतो, तेव्हा सकाळची बस आपल्याला अनुकूल आहे आणि संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये हट्ट धरू नये. अनेक छायाचित्रे एकत्र जोडणारी एचडीआरची सोय धावत्या बसमध्ये बंद ठेवावी, नाहीतर एकाच झाडाच्या दोन प्रतिमा उमटतात.

सावलीच्या बाजूची खिडकी घ्यावी, काच सरकवून घ्यावी, पण हात किंवा मोबाइल बाहेर काढू नये. कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवू नका. बसची सगळी थरथर हातात येते. कोपरे पोटाशी धरावीत. जवळच्या कुंपणाऐवजी मधल्या अंतरावरचे विषय निवडावेत : वावरातले एकटे मोहाचे झाड, दूरवर चाललेली पेरणी, तुरीच्या पिवळ्या पट्ट्यामागची टेकडी. आणि बस जेथे मंदावते त्या जागा हेरून ठेवाव्यात. गतिरोधक, रेल्वे फाटक, आठवडी बाजाराचे गाव, रस्त्यावर आलेला गुरांचा कळप. गुरांबरोबर गायबगळे आणि कोतवाल असतातच, कारण गुरांच्या पायांनी उडणारे किडे हे त्यांचे आयते जेवण असते. आपली एसटी त्या कळपासाठी थांबते तेव्हा पक्षी बसकडे लक्षही देत नाहीत. कारवाल्यांना असा मोका सहज मिळत नाही.

प्रश्न : आमचे शेत रस्त्याला लागून आहे. मागच्या हंगामात माझी आई कापूस वेचत असताना कोणीतरी गाडी थांबवून, काच अर्धी खाली करून फोटो काढला आणि निघून गेला. काही दिवसांनी तोच फोटो मोबाइलवर फिरत आमच्यापर्यंत आला. खाली कर्जबाजारी शेतकऱ्याची विधवा असे काहीतरी लिहिले होते. माझे वडील आमच्यासोबत त्याच शेतात होते. आपल्या मासिकात गाडीतून फोटो काढायला शिकवता, तर हेही लिहाल का?
(एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, आणि ते येथे पूर्ण छापण्याचे कारणही तेच आहे. आपल्या आईचा व वडिलांचा जो अपमान झाला तो कॅमेऱ्याच्या तंत्रातून आलेला नाही. ज्या माणसाचे छायाचित्र घेतले त्याच्याशी एक शब्दही न बोलण्यातून आला आहे.

गाडी हा पक्ष्यांसाठी आडोसा आहे. पक्ष्याला आपण दिसू नये, त्याचे काम चालू राहावे, म्हणून आपण आत बसतो. माणसाच्या बाबतीत हाच आडोसा अन्यायाचा ठरतो, कारण ज्याला आपण पाहतो आहोत त्याला आपल्याकडे पाहण्याची, होय किंवा नाही म्हणण्याची संधीच राहत नाही. म्हणून या सदराच्या सर्व वाचकांना मी स्पष्ट सांगतो की पक्ष्यासाठी गाडीत राहावे आणि माणसासाठी गाडीतून उतरावे. धुऱ्यावर जाऊन रामराम करावा, कोठून आलो ते सांगावे, फोटो कशासाठी हवा ते सांगावे आणि नाही म्हटले तर कॅमेरा खाली घ्यावा. दूरवरची बैलबंडी, चेहरा ओळखू न येणारी आकृती, रस्ता आणि शेत यांचे विस्तीर्ण दृश्य, यांसाठी कोणी अडवणार नाही. चेहरा ओळखू येत असेल तेथे विचारणे हे कर्तव्य आहे.

विचारल्याने छायाचित्र बिघडते, लोक सावरून बसतात, असा आक्षेप घेतला जातो. पहिली पाच मिनिटे तसे होते, हे खरे. पण वेचणीचे काम मजुरीचे आणि किलोवर मोजले जाणारे असते. बायांना आपल्याकडे पाहत उभे राहण्यास वेळ नसतो. थोड्याच वेळात त्या पुन्हा सरीत शिरतात आणि मग गाडीतून कधीच दिसले नसते ते दिसू लागते. लुगड्यावर घातलेला पूर्ण बाह्यांचा सदरा, बोंडाच्या वाळक्या टोकांनी ओरखडलेली बोटे, कमरेच्या ओटीत वाढत जाणारा कापूस, संध्याकाळी धुऱ्यावर लागणारा काटा आणि प्रत्येकीच्या गाठोड्याचे वजन वहीत मांडताना तिचे त्या आकड्यावर खिळलेले डोळे. पहिल्या वेच्याच्या दिवशी गेलात आणि घरच्यांनी सीतादहीची पूजा मांडलेली असली, तर ती संपेपर्यंत कॅमेरा न काढता थांबावे. बहुतेक वेळा घरचेच नंतर बोलावतात.

छायाचित्रासोबत जे लिहायचे ते त्या माणसाने सांगितलेलेच असावे. विदर्भातील प्रत्येक शेतकरी स्त्रीच्या चित्राखाली दुःखाची ओळ लिहिण्याची जी सवय लागली आहे, तिने खरोखर दुःखात असलेल्यांचेही भले होत नाही. गाव, हंगाम, चाललेले काम, एवढे अचूक लिहिले तरी पुरते. छायाचित्राची एक छापील प्रत त्या घरी पोहोचवावी. मोबाइलवर पाठवलेल्यापेक्षा ती भिंतीवर राहते.

आपल्यासाठी दोन गोष्टी. तो मजकूर ज्या पानावर किंवा समूहात दिसला, तेथे तो चुकीचा असल्याचे लेखी कळवून काढून टाकण्याची मागणी करावी आणि तारखेसह त्याची नोंद जवळ ठेवावी. मजकूर कायम राहिला आणि त्यातून बदनामी होत असेल, तर पोलिस ठाण्याच्या सायबर विभागाकडे तक्रार करता येते. या मासिकापुरते बोलायचे, तर ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र आम्ही तिच्या संमतीची खात्री झाल्याशिवाय यापुढे स्वीकारणार नाही.

प्रश्न : आमच्या गावाच्या रस्त्याला लागून असलेल्या बांधीत सारसांच्या जोडीने घरटे केले आहे. रस्त्यावरून, गाडीत बसूनच फोटो काढला तर चालेल ना? आमच्या पक्षीमित्रांच्या समूहात जागा कळवू का?
(एक वाचक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : महाराष्ट्रात सारस प्रामुख्याने आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत, तेव्हा प्रत्येक घरट्याचे मोल फार मोठे आहे. सारस हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी. धानाच्या बांधीतल्या उथळ पाण्यात गवत-पेंढ्याचा ढीग रचून तो साधारणतः दोनच अंडी घालतो, आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. बसलेला पक्षी घाबरून उठला की कावळ्यांना संधी मिळते, आणि एक घरटे गेले म्हणजे त्या जोडीचा बहुधा तो हंगामच गेला.

घरट्यासमोर गाडी थांबवू नये, गाडीत बसूनही नाही. नेहमीच्या वाहतुकीप्रमाणे पुढे निघून जावे. सारसांना बांधीत रोवणी आणि निंदण करणाऱ्या माणसांची सवय असते, पण थांबून रोखून पाहणाऱ्यांची नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही येते, हे समूहातील मित्रांना जरूर सांगावे. जागा समूहात कळवू नये. वन विभागाच्या जवळच्या कार्यालयाला आणि त्या बांधीच्या मालकाला मात्र कळवावे. मालकाला विश्वासात घेणे सर्वांत महत्त्वाचे, कारण घरट्याभोवतीचे धान थोडे राखायचे की नाही हे त्याच्याच हातात आहे. छायाचित्र हवेच असेल तर पिले मोठी होऊन जोडीबरोबर मोकळ्या वावरात चरू लागेपर्यंत थांबावे. तेव्हा दूरवरून, बांध्या, पळस आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ यांच्यासह घेतलेले कुटुंबाचे चित्र घरट्याच्या चित्रापेक्षा कितीतरी बोलके असते. मोबाइलने काढल्यास त्यातील ठिकाणाची नोंद आधी बंद करावी.

प्रश्न : पावसात काच बंद ठेवून फोटो काढावा लागतो. प्रतिबिंब टाळण्यासाठी पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावला, तर छायाचित्रात जांभळे-हिरवे पट्टे आले. असे का?
(एक वाचक, वर्धा)

उत्तर : कारच्या बाजूच्या काचा उष्णतेची प्रक्रिया करून कठीण केलेल्या असतात आणि त्या प्रक्रियेत काचेत राहिलेले ताण पोलरायझरमधून रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. शिवाय पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, जो पावसात आधीच कमी असतो. तो काढून ठेवावा. काच आतून-बाहेरून पुसावी, लेन्सचे रबरी हूड काचेला काटकोनात हलकेच टेकवावे आणि मागून काळे फडके धरावे. प्रतिबिंब नाहीसे होते. पाऊस वाऱ्याबरोबर एका बाजूने येत असेल, तर विरुद्ध बाजूची खिडकी चार बोटे उघडून टिपणे या सर्वांहून चांगले, मात्र त्या बाजूला वाहतूक नसावी.